तार आणि तरंग : लेखांक ९
अंक कुठे हरवतात?

मागच्या लेखांकात आपण वॉकीटॉकीचं जाळं ईपीएबीएक्सला जोडणाऱ्या इंटरकनेक्ट पेटीची ओळख करून घेतली. वालीव-सातिवलीच्या पट्ट्यातल्या एखाद्या कारखान्यात ती बसवली, की पहिल्याच आठवड्यात हमखास तक्रार येते : बोलणं स्वच्छ ऐकू येतं, पण अंक लागत नाहीत. आज त्या अंकांचाच माग काढू.

फोनचं बटण दाबलं की दोन सूर एकदम निघतात. आडव्या ओळीचा एक : ६९७, ७७०, ८५२ किंवा ९४१ हर्ट्झ. उभ्या रांगेचा दुसरा : १२०९, १३३६ किंवा १४७७. म्हणजे ५ दाबला की ७७० आणि १३३६. आकडे मुद्दामच असे अडनिडे घेतले आहेत, म्हणजे एक सूर दुसऱ्याच्या पटीत येत नाही आणि माणसाच्या बोलण्यातून अशी जोडी सहसा जमत नाही. बेल कंपनीने १८ नोव्हेंबर १९६३ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात ही सेवा सुरू केली. आपण तिला डीटीएमएफ म्हणतो.

‘सहसा’ हा शब्द इथे महत्त्वाचा, आणि तो समजायला आपली रेल्वे उत्तम. मुंबई सेंट्रलच्या नियंत्रण कक्षातला सेक्शन कंट्रोलर आणि त्याच्या हद्दीतली स्टेशनं यांचं बोलणं कंट्रोल सर्किटवर चालतं. ही एकच सामाईक लाइन, आणि ओळीने सगळी स्टेशनं तिच्यावर. भारतीय रेल्वेने जुनी सिलेक्टर यंत्रणा काढून अशा सर्किटवर डीटीएमएफ आणलं, तेव्हा प्रत्येक स्टेशनला दोन अंकी कोड मिळाला. कंट्रोलरने वसई रोडचा कोड लावला तर वसई रोडच्याच स्टेशन मास्तरांकडे घंटा वाजायला हवी. नायगाव आणि नालासोपारा गप्प. पण प्रत्येक स्टेशनचा डीकोडर दिवसभर त्या लाइनवरचं सगळं बोलणं ऐकत असतो. गाड्यांच्या वेळा, ब्लॉक, मालगाडी कुठे थांबवायची याची चर्चा, त्यातला एखादा चढा स्वर त्याला अंक वाटू शकतो. याला टॉक-ऑफ म्हणतात. दोन अंक लागोपाठ जुळल्याशिवाय घंटा नाही, या नियमाने खोट्या घंटेची शक्यता फारच घटते.

म्हणूनच इंटरकनेक्टवर अंक लागत नाहीत असं दिसलं, की डीकोडरची संवेदनशीलता वाढवायचा जो पहिला मोह होतो, तो मला साफ चुकीचा वाटतो. दोष बहुतेक वेळा डीकोडरच्या अलीकडे असतो.

आधी वेळ पाहा. वॉकीटॉकीचं बटण दाबल्यावर ट्रान्समीटर उठतो, मग रिपीटर उठतो, मग समोरचा स्क्वेल्च उघडतो. सीटीसीएसएस हा दबका ओळखसूर वापरात असेल, तर तो ओळखायलाच पाव सेकंदापर्यंत वेळ जातो. तेवढ्यात पहिला अंक हवेत विरलेला असतो. डीकोडरला एका अंकासाठी साधारण ४० मिलिसेकंद पुरतात. लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या आणि इंजिनिअरिंगच्या पोरांच्या हाताखालून गेलेल्या एमटी ८८७० या चिपचा हिशोबही हाच आहे. पण तारेवरचे ४० रेडिओवर पुरत नाहीत. माझं सांगणं असं : पहिल्या अंकाआधी अर्धा सेकंद मोकळा, प्रत्येक सूर १०० मिलिसेकंद, मधली फट १००. सिग्नल थरथरत असेल तर एकाच सुराचे दोन तुकडे होतात आणि ५ चे ५५ होतात. अशा वेळी सूर संपल्याची खात्री करण्याचा अवधी थोडा वाढवायचा.

वेळ जमल्यावर पातळी. एफएम रेडिओ पाठवताना उंच सूर मुद्दाम चढवतो, दर सप्तकाला ६ डेसिबल, आणि घेणारा सेट ते तेवढेच उतरवतो. इंटरकनेक्टची वायर रिसीव्हरच्या डिस्क्रिमिनेटरवरून थेट घेतली आणि पेटीतलं सेटिंग ‘फ्लॅट’ ठेवलं, तर उतरवणं होतच नाही. आता ३ घ्या : ६९७ आणि १४७७. उंच सूर साडेसहा डेसिबलने वरचढ होतो. अमेरिकेतल्या एटी अँड टीच्या मापदंडात उंच सुराला ४ डेसिबलपर्यंतच वरचढ राहण्याची मुभा आहे, म्हणून डीकोडर ३ नाकारतो. ० मात्र ९४१ आणि १३३६ चा, तिथला फरक जेमतेम ३ डेसिबल, म्हणून तो पास. वरच्या ओळीतली बटणं लागत नाहीत आणि ७, ० व चांदणी बिनबोभाट लागतात, असं आढळलं तर दुसरीकडे कुठे शोधू नका. सेटिंग ‘डी-एम्फसिस’वर आणा.

पेटीची दुसरी बाजू सिप लाइनला असेल तर आणखी एक घोळ होतो. जी.७२९ सारखे कोडेक बोलण्यासाठी घडवलेले, त्यातून सूर विद्रूप होऊन बाहेर पडतात. त्यामुळे अंक सूर म्हणून पाठवण्याऐवजी आरएफसी ४७३३ प्रमाणे वेगळ्या पाकिटातून पाठवायचे आणि दोन्ही टोकांना तेच निवडायचं. इथेही अंक दुहेरी होऊ शकतात. सूर ओळखेपर्यंतचे पहिले ४० मिलिसेकंद आवाजातून पुढे निसटतात, मागून पाकीट येतं, आणि पलीकडची यंत्रणा दोन्ही मोजते. पेटीत आवाज थोडा रोखून धरण्याची सोय असेल तर ती चालू करा. त्याच सोयीमुळे जोडणीचा गुप्त कोडही रिपीटरवरून सगळ्यांच्या कानी पडत नाही.

हे सगळं झाल्यावर चाचणी टेबलावर उरकू नका. कारखान्याच्या ज्या कोपऱ्यात सेट सगळ्यात क्षीण बोलतो तिथे उभे राहा आणि बाराही बटणं एकेक करून दाबा. आणि तार जोडण्याआधी डब्ल्यूपीसीने दिलेला तुमचा वायरलेस परवाना काढून वाचा. त्यात टेलिफोन जोडणीची मुभा स्पष्ट लिहिलेली नसेल, तर पेटी खोक्यातच राहू द्या.