असं का होतं? : धूसर सूक्ष्मदर्शक
जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात धूळ कॉलेजच्या प्रयोगशाळेतही शिरते. केळ्याच्या गरातले स्टार्चचे कण धूसर दिसले, तर घाण नेमकी कुठे? काचपट्टी सरकवा, ठिपका सरकला, तर तिच्यावर. नेत्रिका (डोळ्याजवळचं भिंग) फिरवा, ठिपका फिरला, तर तिच्यावर. काहीच हललं नाही आणि सगळं चित्रच फिकं दिसलं, तर वस्तुभिंग (काचपट्टीजवळचं भिंग) तपासा.

चष्म्यावरचा बोटाचा ठसा स्वतः दिसत नाही, समोरचं सगळं धुरकट करतो. वस्तुभिंगावरचा डागही तसाच प्रकाश विखुरतो.

हिवतापाची रक्तपट्टी बघताना १०० पटींच्या भिंगासाठी तेल टाकतात. भिंग बदलताना तेच ४० पटींच्या भिंगाला लागून असा डाग पडतो. भिंग साफ करताना आधी रबरी फुग्याने धूळ उडवा, मग लेन्स-पेपरवर थेंबभर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन मध्यातून कडेकडे हलकेच पुसा. अल्कोहोल जास्त झालं, तर भिंग धरून ठेवणारा गोंद सुटू शकतो.