घर गाडीत, वाट बालाघाटात

जर्मनीच्या आल्गॉय डोंगराळ भागातील इस्नी गावी आरिस्ट डेथलेफ्स यांनी १९३१मध्ये गाडीमागे ओढायचे चाकांवरचे घर बांधले. व्यवसायानिमित्त ते सतत फिरतीवर असत. त्यांची वाग्दत्त वधू, चित्रकार फ्रीडेल, यांनाही सोबत येता यावे, ही त्यामागची इच्छा. अशा चाकांवरच्या घरासाठी, म्हणजे कॅराव्हॅनसाठी, महाराष्ट्राचे पर्यटन धोरण आले २०२१मध्ये.

अशा गाडीच्या प्रवासासाठी धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील ईट हा फार चांगला आरंभ आहे. पावसाळा सरला की बालाघाटाचे माळ अजून हिरवे असतात आणि रब्बी ज्वारीची पेरणी सुरू होते. याच तालुक्यात कुंथलगिरी आहे. जैनांचे हे सिद्धक्षेत्र. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५मध्ये येथेच सल्लेखना, म्हणजे आमरण उपवासाचे व्रत, घेतली. इथल्या खव्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पेढे घेतल्याशिवाय पुढे जाऊच नये!

परंड्याचा भुईकोट निवांत पाहावा. विजापूरची प्रसिद्ध मुलूख-मैदान तोफ १६३२पर्यंत याच किल्ल्यात होती.

तेर म्हणजे प्राचीन तगर. रोमन जगाशी व्यापार करणारे हे नगर पुढे संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून ओळखले गेले. तेथील संग्रहालयासाठी अर्धा दिवस ठेवावा.

नळदुर्गला मात्र उशीर नको. बोरी नदीला भरपूर पाणी असेल तेव्हाच किल्ल्यातील बंधाऱ्यावरून नर-मादी धबधबे कोसळतात.