विसरलेली अंतराळयाने

गेलेल्या दिवसांच्या आठवणीने हळवे होणे ही मनुष्याची जुनी सवय आहे. शाळेचा व्हरांडा, विहिरीवरचे पोहणे, आजीच्या हातची भाकरी यांची आठवण का येते, हे कोणास समजावून सांगावे लागत नाही. त्या वस्तू एके काळी खरोखरच आपल्या होत्या. परंतु चाळिशी-पन्नाशीतली चार मंडळी एकत्र बसली की हल्ली एक निराळाच विषय निघतो, असे आम्ही अनेकदा पाहिले आहे. लहानपणी दूरदर्शनवर पाहिलेल्या अंतराळाच्या मालिकांचा विषय! पुठ्ठ्याची याने, उघडझाप करणारे दिवे, चंदेरी कपड्यांतले कप्तान आणि अडखळत बोलणारे यंत्रमानव. नाव एकाला आठवते, चेहरा दुसऱ्याला, आणि शेवट कोणालाच नाही.

या आठवणीत एक कोडे आहे. त्या मालिका मुळी भूतकाळाच्या नव्हत्याच. त्या भविष्यकाळाच्या होत्या. जो काळ अजून आलाच नाही, त्याची आठवण कशी यावी? या कोड्याचा विचार मुळशीत बसून करणे आम्हांस विशेष उचित वाटते. त्याचे कारण पुढे येईलच.

प्रथम या मालिका कोणत्या, ते पाहू. आपल्या देशात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीस झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि पुढच्याच वर्षी पुण्यास त्याचे सहक्षेपण येऊ लागले. १९८२ मध्ये रंग आले. त्यानंतरच्या दशकात घरोघरी संच झाले, आणि त्याच दशकात अमेरिकेची ‘स्टार ट्रेक’ ही मालिका आपल्याकडे रविवारच्या सकाळी दिसू लागली. ती मूळ १९६६ ते १९६९ या काळातली. म्हणजे आपण ती पाहिली तेव्हाच ती जुनी झालेली होती. १९८९ च्या सुमारास आपल्याच लोकांनी केलेल्या दोन मालिका आल्या. ‘इंद्रधनुष’मध्ये मुले घरी संगणक जोडतात आणि त्यातून कालप्रवासाला वाट फुटते. आज चित्रपट-दिग्दर्शक म्हणून प्रसिद्ध असलेले करण जोहर त्यात लहान मुलाच्या भूमिकेत होते. ‘स्पेस सिटी सिग्मा’मध्ये कॅप्टन तारा आणि त्याचे सहकारी अंतराळातल्या नगरीचे रक्षण करीत. पुढे १९९८ मध्ये केतन मेहता यांची ‘कॅप्टन व्योम’ आली; तिचे नायक होते मिलिंद सोमण. यांच्या जोडीला केवळ कल्पनेचे नव्हेत असेही कार्यक्रम होते. गिरीश कार्नाड सादर करीत ते ‘टर्निंग पॉइंट’, आणि डॉ. जयंत नारळीकरांचे १९९४ मधले ‘ब्रह्मांड’. एका पडद्यावर खोटे अंतराळ आणि खरे अंतराळ शेजारी शेजारी नांदत होते.

आता हे अंतराळ आमच्या खोऱ्यात कसे पोहोचे, तेही सांगितले पाहिजे. पुण्याचा दूरचित्रवाणीचा मनोरा सिंहगडावर आहे. गड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच. मनोऱ्यासाठी उंच जागा निवडण्याचे कारण असे, की या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. आकाशवाणीच्या मध्यम लहरी डोंगराला वळसा घालून खोऱ्यात उतरू शकतात. चित्रवाणीच्या लहरींना ते साधत नाही. मध्ये डोंगर आला की पलीकडे त्याची सावलीच पडते. मुळशी तालुका तर डोंगर आणि खोरी यांचाच बनलेला. माथ्यावरच्या वाडीत चित्र स्वच्छ, आणि खालच्या गावात नुसती खरखर, अशी स्थिती असे. कधी लहर समोरच्या कड्यावर आपटून उशिरा येई, आणि कप्तानाच्या शेजारी त्याचेच फिकट भूत उभे राही. मग कौलांवर चढलेला मुलगा ॲंटेना फिरवी, खालून थोरली बहीण ओरडे, “अरं, सिंहगडाकडं वळीव थोडं! आलं, आलं... गेलं!” एवढ्यात यान निघून गेलेले असे.

चित्र गेले की पडद्यावर मुंग्या येत. त्या मुंग्यांविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. बहुतेक मुंग्या संचातल्या आणि आसपासच्या विद्युत् गोंधळातून उमटत. पण त्यांतला अगदी थोडा अंश, सुमारे शंभरात एक, आकाशाच्या सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मलहरींचा असे. या लहरी १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन या शास्त्रज्ञांना सापडल्या. विश्वाच्या आरंभीच्या तप्त अवस्थेचा तो उरलेला प्रकाश आहे, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. डॉ. नारळीकरांना महास्फोटाची ती उपपत्ती मान्य नव्हती आणि त्यांनी त्या लहरींचा निराळा अर्थ लावण्याचा यत्न केला, हेही येथे नमूद केले पाहिजे. अर्थ कोणताही लावा. पुठ्ठ्याचे यान दिसेनासे झाले म्हणून रडकुंडीला आलेले पोर त्या क्षणी खऱ्या अंतराळाकडेच पाहत होते, यात शंका नाही. ते त्याला कोणी सांगितले नाही, एवढेच.

मग या मालिका अर्धवट विस्मृतीत का गेल्या? ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ राहिल्या आणि या गेल्या, त्या दर्जाने कमी होत्या म्हणून, असे कोणी म्हणेल. त्यात थोडे तथ्य आहे. परंतु दुसरे कारण अगदी भौतिक आहे, आणि ते समजून घेण्यासारखे आहे. दूरचित्रवाणीचा कार्यक्रम चुंबकीय फितीवर मुद्रित होत असे. प्लॅस्टिकच्या पट्टीवर लोखंडाच्या प्राणिदाचे सूक्ष्म कण चिकटवलेले असतात. त्यांचे चुंबकत्व ज्या रीतीने रचले जाते, त्या रचनेत चित्र साठते. या योजनेचा मोठा गुण हा, की जुने पुसून त्याच फितीवर नवे घेता येते. मोठा दोषही तोच. फीत महाग होती, कपाटे अपुरी होती, आणि एकदा दाखवलेला कार्यक्रम पुन्हा कोणी मागेल, असे फारसे कोणाच्या मनात येत नव्हते. ही रीत जगभर होती. ब्रिटनमध्ये १९६३ साली सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानमालिकेच्या पहिल्या सहा वर्षांतले सुमारे शंभर भाग असेच नाहीसे झाले. फार काय, १९६९ मध्ये मनुष्याने चंद्रावर पाऊल ठेवले, त्या वेळी थेट चंद्रावरून आलेल्या चित्राच्या मूळ फितीसुद्धा बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या! चांद्रविजयाची ही गत, तर पुठ्ठ्याच्या यानांची काय कथा?

जी फीत पुसली जात नाही, तिला हवा खाते. कण चिकटवणारा लेप ओलावा शोषतो, चिकट होतो, आणि यंत्रातून जाताना कणांसह सुटून येतो. ताम्हिणीच्या बाजूचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांस घरातल्या कॅसेटवर पांढरी बुरशी कशी चढते, हे सांगावयास नको. शिवाय ती लावून पाहण्याची यंत्रेही संपत चालली आहेत. घरगुती व्हीसीआर बनविणाऱ्या अखेरच्या ज्ञात कारखान्याने २०१६ मध्ये उत्पादन थांबविले.

अशा स्थितीत पुष्कळसे उरते ते केवळ पाहणाऱ्यांच्या डोक्यात. आणि डोके हे फितीहून कच्चे. आम्ही एकदा चौघे जण बसून एका मालिकेची गोष्ट जुळवू लागलो. एकाने सांगितलेला यंत्रमानव दुसऱ्याच मालिकेतला निघाला. दुसऱ्याने कप्तानाच्या निळ्या गणवेशाचे वर्णन रंगवून केले. त्याच्या घरी तेव्हा बॅटरीवर चालणारा कृष्णधवल संच होता, हे त्याच्या धाकट्या भावाने लक्षात आणून दिले! तो खोटे बोलत नव्हता. मेंदू आठवण जशीच्या तशी काढून देत नाही. दर वेळी ती नव्याने रचतो, आणि रचताना गाळलेल्या जागा भरतो. मात्र एका बाबतीत चौघांचे एकमत होते. त्या पडद्यावर जे दिसते, ते आपण मोठे होऊ तेव्हा खरे झालेले असेल, याविषयी आम्हां कोणाच्याच मनात शंका नव्हती.

आमच्या मते कोड्याचे उत्तर येथे आहे. आपणांस ओढ लागते ती त्या मालिकांची नव्हे. त्यांनी दिलेल्या वचनाची. विज्ञान येईल, ते सर्वांचे असेल, आणि त्या नगरीत आपल्यालाही जागा असेल, असे ते वचन होते. पुठ्ठा दिसत होता, दोऱ्या दिसत होत्या, तरी वचन खोटे वाटत नव्हते.

आणि वचनाची गोष्ट निघाली, की मुळशीचे नाव आलेच पाहिजे. तो संच ज्या विजेवर चाले, त्या विजेचा इतिहास या तालुक्याला चांगला ठाऊक आहे. मुळशीचे धरण बांधावयास निघाले तेव्हा मुंबईच्या गिरण्यांना वीज आणि देशाला प्रगती, असे उद्याचे चित्र दाखविण्यात आले. त्या उद्यासाठी ज्यांची भातखाचरे पाण्याखाली जाणार होती, त्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला. सेनापती बापट त्याचे पुढारी झाले. धरण झालेच. सह्याद्रीच्या माथ्यावरचे पाणी नळांतून कोकणात भिरा येथे उतरू लागले, तेथे वीज निघू लागली, ती मुंबईस गेली. वीज खरी, प्रगतीही खरी. पण जमीन ज्यांची बुडाली, उजेड प्रथम त्यांच्या घरी आला नाही.

दुसरा उद्या आला तो तालुक्याच्या पूर्व अंगाला. ‘इंद्रधनुष’मधल्या मुलांचा संगणक पाहून डोळे विस्फारणारी पिढी पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत हिंजवडीच्या शिवारात संगणकाचे कारखाने उभे राहू लागले. काचेच्या इमारती, रात्रभर जळणारे दिवे, साता समुद्रांपलीकडच्या माणसाशी पडद्यावर समोरासमोर बोलणे. मालिकेतल्या नगरीचे पुष्कळसे सामान मुळशी तालुक्यात खरोखर येऊन ठेपले. त्या इमारतींत काम करणारे काही जण आमच्या गप्पांत असतात. त्यांस विचारले, ही तीच नगरी काय? ते हसतात, आणि वाहनांच्या रांगेत गेलेल्या दोन तासांची गोष्ट सांगतात. ज्यांच्या शेतांवर ती नगरी उभी राहिली, त्यांच्यापैकी काहींचे भले झाले, काहींचे पैसे आले तसे गेले. यंत्रे आली, ‘ते सर्वांचे असेल’ हा वचनाचा भाग मात्र अजून वाटेतच आहे.

म्हणून या आठवणींना आम्ही निव्वळ करमणूक समजत नाही. भूतकाळाची आठवण आपणांस काय हरवले ते सांगते. जुन्या भविष्याची आठवण आपणांस काय कबूल केले होते ते सांगते. कबुली विसरली, की तिचा हिशेब मागणारा कोणी उरत नाही. बुडालेल्या गावांचा हिशेब मुळशीने विसरला नाही, कारण तो सांगणारी माणसे आणि लिहिणारी माणसे होती.

येथे ‘डॉक्टर हू’ची उरलेली हकीकत सांगणे अगत्याचे आहे. ते सुमारे शंभर भाग चित्ररूपाने नाहीसे झाले, तरी त्या सर्वांचा आवाज मात्र शाबूत आहे. तो कोणा कचेरीने राखला म्हणून नव्हे. त्या काळी घरी बसलेल्या हौशी मुलांनी संचासमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो उतरवून घेतला म्हणून. काही भाग परदेशी केंद्रांकडे पाठविलेल्या प्रतींतून परत मिळाले. २०१३ मध्ये नायजेरियात नऊ भाग सापडल्याचे जाहीर झाले. ज्याची किंमत मालकाला कळली नाही, ते सामान्य प्रेक्षकाने आणि दूरच्या एखाद्या फडताळाने जपले.

तेव्हा आमची विनंती साधी आहे. घरच्या माळ्यावर जुन्या कॅसेट असतील, तर त्या उन्हात टाकू नयेत आणि बुरशी चढलेली असल्यास यंत्रात घालू नयेत. कोरड्या जागी उभ्या ठेवाव्यात आणि जाणकाराकडून उतरवून घ्याव्यात. लग्नाच्या चित्रणाच्या शेवटी एखाद्या रविवारचा अर्धा भाग सापडावयाचा! कॅसेट नसेल त्याने जे आठवते ते वहीत लिहावे. कोणत्या गावी, कोणाच्या पडवीत, किती जणांनी मिळून पाहिले, आणि तेव्हा उद्याविषयी काय वाटले होते. रंग चुकला तरी चालेल. तो धाकटा भाऊ दुरुस्त करील.

आणि लिहून झाल्यावर ती वही घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला वाचून दाखवावी. त्याला पुठ्ठ्याच्या यानाचे हसू येईल, येऊ द्यावे. मग त्याला विचारावे, “तुझा उद्या कसा आहे?” तो जे सांगेल, तेही त्याच वहीत तारीख घालून लिहून ठेवावे.