मॅकमास्टरची काचपट्टी आणि मावळातला गोठा

दिवाळीच्या आगेमागे पवन मावळात भात कापून होतो आणि खाचरं मोकळी झाली की गुरं तिथे चरायला सुटतात. बेडसे लेण्यांच्या डोंगराखालच्या शिवारातही हेच. पावसाळाभर पाणी तुंबलेल्या जमिनीत धसकटांना कोवळा फुटवा आलेला असतो आणि जनावर त्यावर तुटून पडतं. त्याच फुटव्यावर, बांधाच्या ओल्या गवतावर पर्णकृमी या यकृतातल्या जंताचे बारीक कोष चिकटलेले असतात. खाचरातल्या गोगलगायीच्या पोटात वाढून बाहेर पडलेल्या अळ्यांनीच ते तयार केलेले असतात. काही आठवड्यांनी गाय रोडावते, पातळ हगते, केस राठ होतात, जबड्याखाली पाणी उतरून सूज येते. मग दुकानातून जंताची गोळी आणायची, हा ठरलेला उपाय.

गोळीला माझा विरोध नाही. पण ती देण्याआधी शेण तपासलं पाहिजे, असं मी आग्रहाने म्हणतो. मांसासाठी गुरं पाळणाऱ्या देशांत जंतांमुळे झालेली घट किलोत मोजतात. महाराष्ट्रात 1976 च्या कायद्याने गायीची कत्तल बंद झाली, 2015 पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हणून आपल्याकडे ही घट दुधात, औताच्या बैलाच्या दमात आणि गायीच्या लांबलेल्या माजात दिसते. म्हणजे जनावर आजारी आहे हे ध्यानात येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

शेणातली अंडी मोजायची काचपट्टी ऑस्ट्रेलियातून आली. सिडनी विद्यापीठाच्या आवारातल्या मॅकमास्टर प्रयोगशाळेत गॉर्डन आणि व्हिटलॉक यांनी 1939 मध्ये ती मेंढ्यांसाठी तयार केली. आज जगभर गुरांसाठीही तीच वापरतात. तिच्यात दोन कप्पे असतात. प्रत्येकावर एक सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौकोन आखलेला, आणि आत दीड मिलिमीटर खोली. तीन ग्रॅम शेण 42 मिलिलिटर पाण्यात कालवून गाळायचं, खाली बसलेला गाळ मिठाच्या संपृक्त द्रावणात मिसळायचा आणि कप्पे भरून पट्टी काही मिनिटं स्थिर ठेवायची. मिठाचं पाणी जड असल्यामुळे गोलकृमींची हलकी अंडी तरंगून काचेच्या पोटाला लागतात आणि गाळ खाली राहतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही चौकोनांतली अंडी मोजायची आणि आकड्याला 50 ने गुणायचं. एका ग्रॅम शेणात किती अंडी, हे हाती येतं. दोन्ही चौकोनांत मिळून चार अंडी दिसली तर 200. काम अर्ध्या तासाचं आणि लागणारं साहित्य अगदी साधं.

मात्र पर्णकृमीची अंडी जड असतात, ती या पाण्यात तरंगत नाहीत. त्यांच्यासाठी शेण भरपूर पाण्यात कालवून गाळतात, थोडा वेळ ठेवून वरचं पाणी ओततात, पुन्हा पाणी घालतात. पाणी नितळ होईपर्यंत हे चालू राहतं. शेवटी तळाच्या गाळात मिथिलीन ब्लूचा थेंब टाकला की शेणाचे कण निळे होतात, यकृतातल्या पर्णकृमीची अंडी सोनेरी पिवळी राहतात, तर पोटातल्या चपट्या कृमींची पाण्यासारखी स्वच्छ. हा फरक औषध ठरवतो. आयव्हरमेक्टिन पर्णकृमीवर चालत नाही. ट्रायक्लॅबेंडॅझोल यकृतातल्या कृमीवर उत्तम, पण पोटातल्या चपट्या कृमींवर निरुपयोगी. तिथे ऑक्सिक्लोझॅनाइड लागतं. अंड्याचा रंग न पाहता दिलेलं औषध म्हणजे पत्त्याशिवाय टाकलेलं पत्र.

रेडकांचं प्रकरण निराळं. टॉक्सोकारा नावाच्या मोठ्या गोलकृमीच्या अळ्या म्हशीच्या शरीरात सुप्त पडून राहतात आणि ती व्यायल्यावर दुधातून रेडकाच्या पोटात जातात. म्हशीचं शेण तपासलं तर तिथे बहुधा काही सापडत नाही. रेडकाच्या शेणात अंडी येतात ती तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास, तोवर मोठे जंत आतड्यात भरलेले. म्हणून पशुवैद्यक पहिल्या दोन-अडीच आठवड्यांतच औषध द्यायला सांगतात. इथे तपासणीची वाट पाहू नये.

दुसरी फसगत अधिक घातक. पोटातल्या चपट्या कृमींची पिल्लं लहान आतड्याच्या आतल्या आवरणाला ओरबाडत राहतात. दुर्गंधी, पाण्यासारखी हगवण याच वेळी लागते, आणि त्या वेळी त्यांनी एकही अंडं घातलेलं नसतं. अहवालात ‘अंडी आढळली नाहीत’ येतं आणि जनावर दगावतं. म्हणून हिवाळ्याच्या तोंडावर खाचरात चरलेलं जनावर हगत असेल, तर नुसता कागद पाहून निर्धास्त होता येत नाही. डॉक्टरला चराईची जागा सांगावीच लागते.

नमुना घेण्यातही अनेकांची चूक होते. गोठ्यात सकाळपासून पडलेलं शेण नको. ताज्या पोवट्याचा वरचा, जमिनीला न लागलेला भाग घ्यायचा, डबी काठोकाठ भरायची, बूच घट्ट लावायचं आणि ती थंड जागी ठेवून त्याच दिवशी पोहोचवायची. उन्हात ठेवलेल्या डबीत अंडी फुटून अळ्या बाहेर येतात आणि मोजणी खोटी ठरते. नमुना जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यावा. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभागही आहे.

आणि औषध दिल्यावर चौदा दिवसांनी पुन्हा एक डबी भरावी. आधीचा आकडा 600 असेल तर तो 30 च्या खाली यायला हवा. ही घट 95 टक्क्यांहून कमी भरली तर त्या औषधाला त्या गोठ्यातले जंत सरावलेत, असा संशय घ्यायचा आणि पुढच्या खेपेला दुसऱ्या गटातलं औषध मागायचं.