उकळी नको, रवी हवी
भीमाशंकरच्या वाटेवर तळेघरला चहा मागितलात, तर तो खळखळ उकळलेलाच मिळणार. माचाचं उलटं. उकळत्या पाण्यानं तो कडवट होतो. पाणी 80 अंशांच्या आतलंच घ्यावं. सावलीत वाढवलेल्या जपानी चहाच्या पानांची ही पूड विरघळत नाही, थोड्या वेळानं तळाशी बसते. म्हणून सपाट चमचाभर, साधारण 2 ग्रॅम, पूड आधी चाळून घ्या. नाहीतर गुठळ्या ठरलेल्याच. मग थोड्या गरम पाण्यात फेस येईपर्यंत घुसळा. त्यासाठी बांबूचं महागडं घुसळणं कशाला? घरातली छोटी रवी चालते. साखर याच वेळी घाला, गार दुधात ती लवकर विरघळत नाही. पेल्यात बर्फ, त्यावर थंड दूध, वरून हिरवी धार. म्हशीच्या दाट दुधात माचाची चव दबते, गाईचं बरं.