चैत्यभूमीला निघण्याआधी पायांकडे बघा



६ डिसेंबर जवळ आला की वस्तीत तयारी सुरू होते. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे धुऊन ठेवले जातात. भाकरी-चटणी कोण किती घेणार ते ठरते. कोणती गाडी पकडायची, यावर विहारात चर्चा होते. पायांत काय घालायचे, हे मात्र आदल्या दिवशी आठवते. मग घाईने नवे बूट येतात आणि तेच घालून माणूस दादरला उतरतो.

आमच्या वस्तीतल्या एका मावशींचे असेच झाले. वय साठीच्या पुढे, दहा वर्षांपासून शुगर. मुलाने प्रेमाने नवे बूट आणून दिले. मावशी दादर स्टेशनपासून शिवाजी पार्कपर्यंत चालल्या, कित्येक तास रांगेत उभ्या राहिल्या, बाबासाहेबांना अभिवादन करून परत आल्या. वाटेत पाय दुखल्याची एकदाही तक्रार नाही. घरी मोजा काढला तर तो रक्ताने चिकटला होता. करंगळीला फोड येऊन फुटला होता आणि मधुमेहामुळे पाय बधिर झाल्याने त्यांना ते कळलेच नव्हते. दोन महिने मलमपट्टी चालली, शेवटी करंगळी काढावी लागली. मावशी म्हणतात, "बाबासाहेबांसाठी एवढे सोसले तर काय झाले?" त्यांच्या निष्ठेपुढे मान झुकते. पण ही जखम टाळता आली असती.

भगवंतांनी काय सांगितले?

विनयपिटकातील महावग्गात सोण कोळिविस या भिक्खूची कथा आहे. श्रीमंत घरात वाढलेला, नाजूक तळव्यांचा सोण चंक्रमण करताना इतका चालला की त्याचे पाय फुटले आणि वाट रक्ताने माखली. भगवंतांनी त्याला वीणेच्या तारेचे उदाहरण दिले. तार फार ताणली तरी सूर लागत नाही, फार सैल सोडली तरी लागत नाही. मग त्याला एकेरी तळाच्या वहाणा वापरायला परवानगी दिली. पायांतून रक्त येईपर्यंत चालणे हा धम्म नव्हे, हे तेव्हाच सांगून झाले आहे.

आणि आपल्या आजोबा-पणजोबांना कित्येक गावांत सवर्णांच्या आळीतून जाताना पायातली वहाण हातात घ्यावी लागे. वहाण घालण्याचा हक्क आपल्याला लढून मिळाला आहे. तेव्हा ती पायाला नीट बसेल अशी घ्यायला काय हरकत आहे?

खरेदी करताना

बूट निदान तीन आठवडे आधी घ्या. महाग हवेत असे नाही. आठवडी बाजारातलेही चालतील, पण पुढील गोष्टी बघूनच घ्या.

दिवसभराच्या कामाने पाय थोडे सुजतात, म्हणून बूट संध्याकाळी घ्या. प्रवासात घालणार तेच मोजे घालून, दोन्ही पायांत घालून, उभे राहून बघा. एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो; माप मोठ्या पायाचे धरा. सर्वांत लांब बोटाच्या पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. बोटे आत हलली पाहिजेत, टाच मात्र वर-खाली सरकता कामा नये.

घरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी बूट आणायचे असतील तर त्यांना दुकानात न्या. तेवढे जमत नसेल तर कागदावर त्यांना उभे करून पायाभोवती पेन्सिल फिरवा, तो आकार कापा आणि बुटात घालून बघा. कागद कडेला दुमडला तर बूट अरुंद आहे.

बूट हातात घेऊन वाकवा. तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे. मधोमध घडी पडत असेल तर घेऊ नका. आत हात फिरवून टोचणारी शिवण, खिळा आहे का ते बघा. साडीवर बूट नको वाटत असतील तर मागे पट्टा असलेली, जाड तळाची सँडल चांगली. अंगठ्याची स्लिपर लांब चालण्यासाठी नको. ती धरून ठेवायला बोटे आवळावी लागतात आणि बेचक्यात फोड येतो.

बुटाची सवय

पहिले तीन-चार दिवस घरातच अर्धा-पाऊण तास घाला. पुढच्या आठवड्यात रेशन दुकान, बाजार, विहार इथवर घालून जा. तिसऱ्या आठवड्यात खांद्यावर पिशवी घेऊन तासभर चाला. शिवाजी पार्कवरून येताना आपल्या पिशवीत पुस्तके असतात आणि ते ओझेही पायांवरच येते.

चावणाऱ्या चामड्याला थोडे तेल लावले तर ते मऊ पडते. रेक्झिनला त्याचा उपयोग नाही. शिवण टोचत असेल तर गटई कामगाराकडून ठोकून किंवा आत गादी बसवून घ्या. एवढे करूनही बूट चावत असेल तर तो तुमच्या मापाचा नाही. "वापरून सैल होईल" या भरवशावर तो दादरला नेऊ नका. अशा वेळी जुनी, सवयीची, तळ न झिजलेली चप्पल किंवा सँडल बरी.

शुगर असेल तर

निघण्याआधी घरीच एक तपासणी करा. माणसाला डोळे मिटून बसवा. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना आपले बोट एक-दोन सेकंद अगदी हलके टेकवा. स्पर्श कळला की त्यांनी सांगायचे. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळले नाही तर पायाची जाणीव कमी झाली आहे असे समजा आणि निघण्यापूर्वी डॉक्टरांना पाय दाखवा.

अशा माणसाने अनवाणी चालू नये. वंदनेसाठी वहाणा काढाल तेव्हा पायांत मोजे राहू द्या. बूट घालण्याआधी दर वेळी आत हात घालून खडा नाही ना ते बघा. रात्री तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या कुणाकडून तरी बघून घ्या. भोवरी ब्लेडने कापू नका.

त्या दिवशी

मोज्यांचा एक जादा जोड पिशवीत ठेवा. घामाने ओला झालेला मोजा बदलला की निम्मा त्रास वाचतो. कुठे चुरचुरायला लागले तर तिथेच थांबा आणि चिकटपट्टी लावा. फोड येण्याआधीची ती सूचना असते. फोड आलाच तर फोडू नका. आपोआप फुटला तर स्वच्छ पाण्याने धुवा, वरची कातडी ओढू नका, स्वच्छ पट्टी बांधा. हळद, चुना, राख काही भरू नका. लाली पसरली, पू झाला किंवा ताप आला तर लगेच दवाखान्यात जा. शुगर असलेल्यांनी लहानशा फोडासाठीही त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी.

हे सगळे १ जानेवारीला भीमा कोरेगावला जाताना आणि विजयादशमीला दीक्षाभूमीला जातानाही उपयोगी पडेल. गाड्या लांब थांबतात, पुढचा रस्ता पायीच असतो.

सोणाच्या कथेचा शेवट अजून सांगायचा आहे. भगवंतांनी परवानगी दिली तेव्हा सोण म्हणाला, मला एकट्याला नको; संघाला मिळणार असेल तरच मी वहाणा घालीन. मग ती परवानगी साऱ्या संघाला मिळाली. आपणही तसेच करू. निघण्याच्या आधीच्या रविवारी वंदनेला येताना प्रत्येकाने प्रवासाचेच बूट घालून यावे. वंदना झाली की तरुणांनी विहाराच्या अंगणात ज्येष्ठांचे बूट-मोजे काढून पाय बघावेत. ज्याच्या पायाला लाल डाग दिसेल त्याच्यासाठी दुसरी सोय करायला तेव्हा अजून वेळ असेल.