ट्रॉयच्या कॉलरी

शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन कारकुनाचा सदरा खुंटीवर पाहिला असता, तर तो अपुरा वाटला असता. गळ्याशी नुसती अरुंद पट्टी आणि पुढे-मागे एकेक काज. मागच्या काजात सुटं बटण बसवायचं, त्यावर कॉलर अडकवायची, तिच्या घडीत टाय सरकवायचा आणि दोन्ही टोकं ओढून पुढच्या बटणावर आणायची. कॉलर तीन-चार पदरी, दाट खळ देऊन पुठ्ठ्यासारखी ताठ केलेली. तिची धार मानेला काचे. तरीही ती रोज घातली जाई, कारण कोटाबाहेर दिसे ती कॉलरच. कोळशाच्या धुराने ती दिवसभरात काळवंडे. सदरा तीन-चार दिवस चालवायचा, कॉलर मात्र रोज नवी.

कॉलर सुटी करण्याची युक्ती न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय शहरातल्या हॅना लॉर्ड माँटेग्यू या बाईंच्या नावे सांगितली जाते. काळ 1827 च्या सुमाराचा. केवळ गळा मळला म्हणून नवऱ्याचे अख्खे सदरे धुवायचा कंटाळा आला, तेव्हा तिने कॉलर कापून वेगळी केली आणि तिला बांधायला नाड्या लावल्या. दोनच वर्षांत एबेनेझर ब्राउन या निवृत्त धर्मोपदेशकाने अशा कॉलरी विकायला सुरुवात केली. पुढे अमेरिकेतल्या बहुतेक कॉलरी ट्रॉयमध्येच बनू लागल्या आणि हडसनकाठच्या या गावाला ‘कॉलर सिटी’ म्हणू लागले.

या धंद्याचं खरं अवघड काम शिवणापेक्षा धुलाईत होतं. नवी कॉलर दुकानात जाण्याआधी धुऊन, पांढरी करून, खळ देऊन, इस्त्री करून द्यावी लागे. त्यासाठी वेगळ्या लाँड्र्या उभ्या राहिल्या. धुणाऱ्या बायका उकळत्या पाण्याजवळ, खळ देणाऱ्या कढत खळीत हात घालून, इस्त्रीवाल्या तापलेल्या लोखंडाशी. दिवस बारा-चौदा तासांचा आणि पगार आठवड्याला दोन-तीन डॉलर. बहुतेक जणी आयर्लंडमधून आलेल्या कुटुंबांतल्या होत्या.

त्यांतलीच केट मुलानी. वयाची विशीही पार झाली नव्हती, तेव्हा फेब्रुवारी 1864 मध्ये तिने आपल्या सोबतिणींना एकत्र केलं आणि सुमारे तीनशे बायकांनी काम बंद केलं. आठवड्याच्या आत मालक वाकले. मजुरी 25 टक्क्यांनी वाढली. त्यांची कॉलर लाँड्री युनियन ही अमेरिकेतली बायकांची पहिली टिकाऊ कामगार संघटना मानली जाते. ती टिकली, याचं कारण मला ट्रॉयच्या घरांमध्ये दिसतं. हे लोखंडाचंही गाव. एकाच घरातले पुरुष ओतशाळेत आणि बायका लाँड्रीत असत, त्यामुळे संप म्हणजे काय हे त्यांना घरातच ठाऊक होतं. 1866 मध्ये ओतकाम करणारे संपावर गेले, तेव्हा या बायकांनी आपल्या निधीतून त्यांना हजार डॉलर दिले. पुरुषांच्या संघटनांनी बायकांना सामावून घ्यावं की नाही यावर तेव्हा वाद चालले होते. मला हे हजार डॉलर त्या साऱ्या वादाला पुरेसं उत्तर वाटतात. 1868 मध्ये राष्ट्रीय कामगार संघटनेने केटला सहायक सचिव नेमलं.

1869 चा संप मात्र फसला. कॉलरींच्या कारखानदारांनी लाँड्रीमालकांना पाठबळ दिलं. शिवाय कागदी कॉलर बाजारात आली होती. ती धुवायची नाही, वापरून फेकायची. बायकांनी सहकारी तत्त्वावर स्वतःचा कारखाना काढून पाहिला, पण 1870 मध्ये संघटना मोडली.

विसाव्या शतकात कॉलरीला चेहरा मिळाला तो पुरुषाचा. 1905 पासून क्लुएट, पीबॉडी कंपनीच्या ‘अॅरो’ कॉलरींसाठी जे. सी. लायेनडेकर या चित्रकाराने करारी हनुवटीचा देखणा तरुण रंगवला. चार्ल्स बीच हा त्याचा आवडता मॉडेल आणि आयुष्यभराचा जोडीदार. कॉलरी पाव-पाव इंचाच्या फरकाने मापात मिळत, दोन नगांना 25 सेंट. चित्रं सुंदर आहेतच, पण जाहिरातीतली ती निष्कलंक शुभ्रता जिच्या भाजलेल्या बोटांतून येई, ती त्यांत कुठेच नाही. त्याच 1905 साली ट्रॉयमधल्या खळ देणाऱ्या बायका यंत्रांमुळे घटलेल्या मजुरीविरुद्ध पुन्हा संपावर गेल्या होत्या.

पहिल्या महायुद्धाने ताठ कॉलरीचा जोर मोडला. गणवेशातल्या मऊ कॉलरीची सवय झालेले तरुण परतले, ते पुन्हा गळा आवळून घ्यायला तयार होईनात. कॉलर सदऱ्यालाच जोडली गेली. मग नवी अडचण आली: धुतल्यावर सदरा आटे आणि गळा घट्ट होई. याच कंपनीच्या सॅनफर्ड क्लुएटने कापड शिवण्याआधीच यंत्राने आटवून घेण्याची पद्धत काढली. तीच ‘सॅनफोराइज्ड’. आपल्याकडच्या गिरण्यांच्या जाहिरातींतही हा शब्द अनेक वर्षं झळकत असे. ‘अॅरो’ हे नाव 1990 च्या दशकात भारतात आलं, ते शिवलेल्या कॉलरीचे तयार सदरे घेऊन. केट मुलानीच्या ट्रॉयमधल्या विटांच्या घराला अमेरिकेने राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला, तोही त्याच दशकात, 1998 मध्ये.